परडी आणि पोलंडचा ईस्टर
(तुळजापूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

तुळजापुरात ईस्टरवर बोलणार म्हटल्यावर एका स्नेह्यानं विचारलं, "तिथं कोण ऐकणार?" मी म्हटलं, ज्या गावात परडी आहे, तिथं ऐकतील.

पोलंड कॅथलिकांचा देश. ईस्टरच्या आदल्या शनिवारी तिथली माणसं टोपल्या घेऊन चर्चमध्ये येतात. टोपलीत पाव, मीठ, उकडलेली अंडी, मांसाचा तुकडा, लोण्याचं कोकरू आणि नाकात झिणझिण्या आणणारा मुळ्यासारखा एक कंद. वर पांढराशुभ्र रुमाल. धर्मगुरू त्यावर मंतरलेलं पाणी शिंपडतात. रविवारी सकाळी त्यातलं अंडं चिरून घरातल्या प्रत्येकाच्या हातावर फोड ठेवायची, मगच न्याहारी. आपल्या आराधिणीची परडी रिकामी निघते आणि दारोदारच्या पीठ-मिठानं भरते. तिथली टोपली घरून भरून जाते आणि घरीच परत येते. दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. पण मीठ दोन्हीकडे आहे.

अंडी रंगवण्याची रीत बघा. वितळलेल्या मेणानं कवचावर नक्षी काढायची. मग कांद्याची सालं उकळलेल्या पाण्यात अंडं बुडवायचं. कवच विटकरी होतं. मेण गरम करून पुसलं की खालची पांढरी रेघ उघडी पडते. कांद्याची सालं! ती तर आपण उकिरड्यावर टाकतो. ईस्टरनंतरच्या सोमवारी एकमेकांवर पाण्याच्या बादल्या रिकाम्या करतात; रंग तेवढा नाही, बाकी आपली रंगपंचमीच.

हा सणही चंद्रावर चालतो. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार म्हणजे ईस्टर. २०२३ मध्ये चैत्र पौर्णिमा ६ एप्रिलला होती, ईस्टर ९ ला.

आता हे पोलिश लोक आपल्या किती जवळ येऊन राहिले, ते सांगतो. १९४० पासून सोव्हिएत सैन्यानं पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं सैबेरियात, कझाकस्तानात हाकलली. सुटलेले इराणमार्गे हिंदुस्थानात आले. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथं त्यांची छावणी होती. माणसं सुमारे पाच हजार, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं. थंडीच्या पोलंडमध्ये ताड-माड नाहीत, म्हणून ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी तिथं विलोच्या कळ्यांच्या फांद्या हातात धरतात. पंचगंगेकाठी विलो कुठला? पण अंडी होती, मीठ होतं आणि कांद्याची सालं तर हवी तेवढी.

महायुद्ध संपलं, तरी पोलंडमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली होती. पुष्कळ जण मायदेशी गेलेच नाहीत. इंग्लंडला आणि आणखी कुठं कुठं पांगले. कोल्हापूरची आठवण मात्र त्यांनी सोडली नाही. वॉर्सात कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे आणि इकडे कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांनी उभारलेला स्मृतिस्तंभ. पुढच्या खेपेला अंबाबाईच्या दर्शनाला जाल, तेव्हा तिथं पाच मिनिटं थांबा.