डेस्कटॉपही सी ड्राइव्हमध्येच असतो

(कार्यकर्त्यांच्या संगणक प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



मी संगणकतज्ज्ञ नाही, पेशाने शिक्षक आहे. तरी आज या विषयावर बोलतो आहे, कारण याबाबतीत मी एक चूक केली आणि तिची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागली.

काही वर्षांपूर्वी आमच्या सल्ला केंद्राचा संगणक फारच मंद झाला. मी तो दुकानात नेला. दुकानदाराने विचारलं, "सर, फॉरमॅट मारतो. सी ड्राइव्हमध्ये काही आहे का?" मी म्हणालो, "नाही, आमचं सगळं डेस्कटॉपवर असतं." तो घाईत होता, मी निर्धास्त. संध्याकाळी संगणक झटपट चालू लागला; डेस्कटॉप मात्र कोरा होता.

त्यावर केंद्रात येणाऱ्या महिलांचे अर्ज होते, पोटगीच्या दाव्यांची कागदपत्रं होती. एका भगिनीचा निकाहनामा सासरी अडकला होता. तिच्याकडे असलेली झेरॉक्स आम्ही स्कॅन करून ठेवली होती. पुढे ती झेरॉक्सही हरवली. कोर्टाची तारीख जवळ आली तेव्हा माझ्याकडे तिला द्यायला काहीच नव्हतं. शेवटी काझींच्या रजिस्टरमधून नक्कल मिळाली, पण त्यासाठी तिला मजुरी बुडवून चार खेपा घालाव्या लागल्या. ती मला एका शब्दाने बोलली नाही. तेच जास्त लागलं.

त्यानंतर मी जे शिकलो, ते तुम्हाला सांगतो. आज त्याची गरज जास्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. आपल्या संस्थांतले जुने संगणक बहुतेक त्यावरच चालतात, आणि अनेकांवर विंडोज ११ चढत नाही. म्हणजे कुणी लिनक्स टाकणार, कुणी जुनं विंडोज नव्याने टाकणार. "फॉरमॅट मारा" हे वाक्य आता गल्लोगल्ली ऐकू येणार.

पहिली गोष्ट : डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळे फोल्डर सहसा सी ड्राइव्हमध्येच, 'युजर्स' या फोल्डरखाली असतात. सी पुसला की तेही गेले. डी ड्राइव्हवरची फाइल सहसा वाचते, पण त्यावर विसंबू नका. बऱ्याच संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बिघडली की दोन्ही जातात. लिनक्स टाकताना 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडला, तरीही दोन्ही जातात.

दुसरी गोष्ट : विंडोजच्या रीसेटमध्ये 'माझ्या फाइल्स ठेवा' असा पर्याय आहे. तो फाइल्स ठेवतो, पण तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअरं काढून टाकतो. त्या पर्यायाच्या भरवशावरही प्रत न घेता पुढे जाऊ नका. मध्येच वीज गेली तर?

तिसरी गोष्ट आपल्यासारख्यांची खास आहे. आपले जुने मराठी मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये आहेत, उर्दू मजकूर इनपेजमध्ये. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर पडद्यावर नुसती निरर्थक अक्षरं दिसतात. म्हणून फॉन्ट आणि सॉफ्टवेअरची मूळ प्रतही जपा. महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ करून ठेवा. नवं लेखन युनिकोडमध्येच करा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे हिशेबनिसाला आधी विचारा. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्कही विसरू नका. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा.

प्रत किती घ्यायच्या? छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक सोपा नियम आहे : ३-२-१. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक वेगळ्या ठिकाणी. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन किंवा दुसऱ्या कार्यकर्त्याच्या घरी. मात्र ड्राइव्हचं नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे; इथे खोडलेली फाइल तिथेही खोडली जाते. आणि ज्या प्रतीत महिलांचे अर्ज आहेत, तिला पासवर्ड हवाच. तो विश्वास त्यांनी आपल्यावर टाकला आहे.

प्रत घेतली की दुसऱ्या संगणकावर पाच-दहा फाइल्स उघडून पाहा. न उघडलेली प्रत ही प्रत नसते. मगच दुकानात जा, आणि काय पुसायचं, काय ठेवायचं हे कागदावर लिहून द्या.

एवढं करूनही चूक झालीच, तर संगणक ताबडतोब बंद करा. जुन्या हार्ड डिस्कवरचं पुसलेलं, त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत, कधीकधी परत मिळतं. एसएसडीवर ती आशा फारच कमी. मी त्या संध्याकाळी त्याच संगणकावर नवी सॉफ्टवेअरं टाकत बसलो होतो. उरलीसुरली आशाही मीच पुसली.

घरी गेल्यावर आजच एक काम करा. केंद्राचा डेस्कटॉप उघडा आणि त्यावर कुणाकुणाची कागदपत्रं आहेत ते मोजा. ती आपली नाहीत, आपल्याकडे अमानत आहेत.