राखलेला कागद

व्यक्तिमत्त्व विकासाचं व्याख्यान म्हटलं की प्रकाशाचा दाखला येतोच: अंधारातून उजेडाकडे चला वगैरे. पण चित्रकार उजेड नेमका कसा काढतो, हे सहसा कुणी विचारत नाही. आज तेवढंच बघू.

सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, निदान कॅलेंडरवर तरी. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणारी स्त्री. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळजण ते राजा रविवर्म्याचं म्हणून खपवतात. रविवर्मा गेले 1906 मध्ये आणि हे चित्र 1945-46 चं! समोर उभी होती हळदणकरांची मुलगी गीता.

या चित्रात ज्योत दिसतच नाही. ती हाताआड आहे. दिसतात ती बोटं, आतून लालसर झालेली, आणि चेहऱ्यावर चढलेला उजेड. दिवा आहे हे आपण त्यावरून ओळखतो. माणसाच्या शिक्षणाचंही असंच असावं. प्रमाणपत्र भिंतीवर टांगून ते दिसत नाही. घरी आलेल्या गड्याशी तो कसा बोलतो, त्यावर दिसतं.

आता कारागिरी. चित्र जलरंगातलं आहे. तेलरंगात चुकलं तर वरून पांढरा थापता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद. जिथे लख्ख उजेड हवा, तिथे कुंचला न्यायचाच नाही, आणि हे ठरवायचं पहिला हात मारण्याआधी. मग फिके हात, ते वाळू द्यायचे, त्यावर गडद. वाळायच्या आत घाई केली की रंग एकमेकांत उतरतात आणि सगळं मळतं. म्हणजे मेहनत सगळी अंधारावर करायची. उजेड फक्त राखायचा.

मला पटतं ते हे. आपण पोरांना सारखं काहीतरी भरायला सांगतो: हा क्लास, तो कोर्स. त्यांच्यातली कुठली जागा कोरी राहू द्यायची, हे कोण ठरवतं?

आणि वय बघा. हळदणकर 1882 चे, सावंतवाडीचे. 1908 पासून मुंबईत स्वतःचा चित्रकलेचा वर्ग चालवत होते. म्हणजे हे चित्र साठी उलटल्यावरचं, आणि तेही खोडायला जागा नसलेल्या माध्यमात. हात असा बसायला जवळजवळ चार दशकांचं शिकवणं मागे होतं.

याच्या उलट वाट नागपुरात 1924 साली जन्मलेल्या चित्रकार वासुदेव गायतोंड्यांची. ते तेलरंगाचे थर रोलरने चढवत, सुरीने खरवडत, पुन्हा चढवत. उजेड त्या थरांतून झिरपल्यासारखा वर येतो. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं व्हायची. बाकी वेळ विचारात. त्यांच्याकडे खरवडायला मुभा होती, हळदणकरांना नव्हती. आपल्यातही दोन्ही प्रकारची माणसं असतात. मी स्वतः गायतोंड्यांच्या पंगतीतला, खरवडणारा. पण शिकवायला निघालो की हळदणकरांपासूनच सुरुवात करतो.

शिक्षक मंडळी बसली आहेत, त्यांना एकच विनंती. पोरांच्या रंगपेटीतली पांढऱ्याची वडी महिनाभर काढून ठेवा. पहिले चार दिवस कुरकुरतील.