वाड्याचे छत आणि सरकारी अनुदान
(मंडळाच्या सभेतील भाषण, बडोदे)



नवे तंत्रज्ञान महाग असते. गिऱ्हाईक वाढले की किंमत उतरते. म्हणूनच सरकार सुरुवातीला पैसा घालते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने 'पीएम सूर्य घर' योजनेसाठी ७५,०२१ कोटी रुपये मंजूर केले. लक्ष्य एक कोटी घरे. दोन किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान, तीन किंवा अधिकला ७८,०००.

पण त्यासाठी घर व छत स्वतःचे हवे. आपल्या जुन्या वाड्यांची कागदपत्रे आजोबांच्या नावावर, हिस्सेदार चार गावी! भाऊबंदकी बाजूला ठेवून वारसनोंदी करून घ्या. सामाईक छतांच्या अर्जांसाठी शहरात मदतकेंद्र हवे, असे निवेदन मंडळाने आमदारांना द्यावे. पैसा आपल्याच करातला आहे. तो आपल्या छतापर्यंत आणू या.