पसारा कुणाचा, आवरणार कोण?

आजचा विषय थोडा नाजूक आहे. भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी नेटकी मुलगी आणि शेजारच्या खोलीत नव्यानं आलेला पसारेबाज मुलगा. आधी कुरबुर, मग बोलणं, मग मनात काहीतरी. हे ऐकून कुणी तोंडाला पदर लावून हसली असेल, तर कुणी ‘पोरींच्या कानावर नको’ म्हणून रेडिओचा आवाज कमी केला असेल. आवाज वाढवा. आम्ही आज पोरींशी जेवढं बोलणार आहोत, तेवढंच त्यांच्या आयांशीही.

आपला वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. जिल्हा झाला म्हणजे कलेक्टर कचेरी आली, जिल्हा परिषद आली आणि बदलीवर येणारी माणसंही आली. त्यांना राहायला जागा हवी. मग कुणी घरावर माडी चढवली, कुणी मागच्या अंगणात ओळीनं तीन खोल्या काढल्या. त्या खोल्यांत आधी बिऱ्हाडं असायची, नवरा-बायको आणि लेकरं. आता तिथं एकट्या मुलीही राहतात. कुणी नर्स आहे, कुणी शिक्षिका, कुणी तलाठी, कुणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. वाशीमलाच नाही, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सगळीकडे. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या आईला आणि आजीला लग्नाआधी स्वतःच्या कुलपाची किल्ली कधी मिळाली नव्हती. या मुलींना ती मिळाली आहे, आणि तिच्याबरोबर काही नवे प्रश्नही आले आहेत.

आता एक गोष्ट ऐका. ती आम्ही रचलेली आहे, कुणा एकीची नाही. समजा, सिव्हिल लाइनमधली एक खोली. मुलगी नर्स. तिच्या चपला एका रेषेत, डाळ-तांदळाचे डबे ओळीनं, पगार झाला की घरभाडं पहिल्या दिवशी काकूंच्या हातात. नळ यायच्या वेळी ती गजर लावून उठते आणि हंडे, बादल्या, पिंप भरून ठेवते. शेजारी नवा मुलगा आला. तो बियाण्याच्या कंपनीसाठी गावोगाव फिरतो. पावसाळ्यात काळ्या मातीनं मणामणाचे झालेले बूट तो सामाईक ओसरीवर तसेच टाकतो. ओला टॉवेल तिच्या दोरीवर. नळ सुरू, बादली वाहते, आणि हा झोपलेला. पण माणूस मोकळा. काकूंचं सिलिंडर उचलून देईल, गल्लीतल्या लेकरांना हसवून सोडेल.

पहिलं बोलणं भांडणाचंच होतं. ‘अहो दादा, तुमचे बूट इकडं नका ठेवू.’ तो म्हणतो, ‘सॉरी मॅडम, आत्ता उचलतो,’ आणि विसरून जातो. हा ‘दादा’ शब्द आपल्या ओळखीचा आहे. अनोळखी माणसाशी बोलायची वेळ आली की आपण आधी तो मधे ठेवतो. मग एखाद्या दिवशी ती रात्रपाळीहून येते तर ओसरी झाडलेली असते आणि तिची बादलीही भरून ठेवलेली असते. त्या दिवशी बोलताना ‘दादा’ म्हणायचं राहून जातं. तिच्या लक्षात येण्याआधी ते घरमालकीणकाकूंच्या लक्षात येतं. ‘काहून वं बाई, आजकाल त्याले दादा म्हनत नाही तू?’

अशी ओढ का वाटते? आम्हाला वाटतं, एकट्या मुलीची शिस्त बरेचदा हौस नसते, ती ढाल असते. पगार पुरवायचा, घरी पैसे पाठवायचे, गल्लीला बोलायला जागा द्यायची नाही. चोवीस तास ढाल धरून हात दुखतो. अशा वेळी शेजारी कुणी निर्धास्त हसलं की बरं वाटतं. त्यालाही दिवसभर धूळ खाऊन आल्यावर तिच्या खोलीतला स्वच्छ उजेड आणि फोडणीचा वास हवासा वाटतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दोन सज्ञान माणसांना एकमेकांची ओढ वाटली, एवढंच.

सिनेमात गोष्ट इथंच संपते. ती थोडी सैल होते, तो म्हणतो ‘तू आलीस आणि घराला घरपण आलं’, वाजंत्री वाजते. आम्हाला त्याच्या पुढचं बोलायचं आहे. जोवर दोन दरवाजे आहेत, तोवर त्याचा पसारा त्याचा आहे. दरवाजा एक झाला की तोच पसारा कोणताही फेरफार न करता तिच्या नावावर चढतो. ओसरीवरच्या ज्या बुटांसाठी लोक काल त्याला हसत होते, त्याच बुटांसाठी उद्या तिला विचारतील, ‘कसं गं तुझं घर असं?’ आणि खोलीवर एकटा असताना वरण-भाताचा कुकर लावणारा मुलगा लग्नानंतर शिट्या मोजायचंही विसरतो.

हे आम्ही रागानं बोलत नाही, हिशेबानं बोलतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं 2019 साली देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. दिवसभरात घरचं बिनपगारी काम करणारे पुरुष 100 पैकी 26 निघाले, बायका 81. आणि जे हे काम करतात, त्यांच्यातही बाईचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, पुरुषाची 97. म्हणजे तिचे पाच तासांना एक मिनिट कमी, आणि त्याचा दीड तासाच्या थोडं वर. नोकरी करून आलेल्या बाईनं हे पाच तास कुठून आणायचे? तर झोपेतून, अभ्यासातून, मैत्रिणींतून.

कुणी म्हणेल, प्रेम असलं की हे सगळं जमतं. मग एक मोठं उदाहरण घेऊ. सुनीता ठाकूर आणि पु. ल. देशपांडे मुंबईत एकाच शाळेत शिक्षक होते. तिथं जुळलं आणि 12 जून 1946 रोजी रत्नागिरीला त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. सुनीताबाई काटेकोर, शिस्तीच्या. पु. ल. मैफलीत, लिहिण्यात, माणसांत रमणारे. हिशेब, पत्रव्यवहार, करार, गाडी चालवणं, हे सगळं सुनीताबाईंनी सांभाळलं. अवघ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाचं घर एक बाई चालवत होती. 1990 साली त्यांचं ‘आहे मनोहर तरी’ हे पुस्तक आलं. त्यात त्यांनी नवऱ्यावरची माया लपवली नाही, आणि त्या संसारात स्वतःच्या वाट्याला काय आलं हेही लपवलं नाही. कितीतरी वाचकांना ते रुचलं नाही. इतक्या लाडक्या माणसाबद्दल बायकोनं असं लिहावं? पण मराठी घरातल्या असंख्य बायकांना त्यात स्वतःचं घर दिसलं. प्रेम खरं होतं आणि थकवाही खरा होता. एकानं दुसरा खोटा ठरत नाही.

त्याच्याही कितीतरी आधी, 1882 साली, आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. बायकांच्या माथी जे दोष मारले जातात, ते पुरुषांत नसतात काय, असं त्यांनी वऱ्हाडातल्या बाईच्या रोखठोकपणानं विचारलं. आम्ही तोच प्रश्न ओसरीवर आणतो. बाई पसारेबाज असली तर तिला फूहड म्हणतात, बाप्या पसारेबाज असला तर ‘भोळा आहे बिचारा’. भोळेपणाचं हे माप एकालाच का?

म्हणून पोरींनो, मन गुंतलं असेल तर गुंतू द्या, पण दोन दरवाजे आहेत तोवर चार गोष्टी बघून घ्या. शेजारी राहणाऱ्या माणसाची पारख करायची अशी सोय स्थळ बघताना मिळत नाही. चहा-पोह्यांच्या अर्ध्या तासात कुणाचे बूट कुठं पडतात हे कळत नाही. इथं रोज दिसतं.

पहिली गोष्ट पाण्याची. आपल्याकडं पाणी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. नळ आल्यावर तो स्वतःचं पाणी भरतो का, दुसऱ्याचं वाया घालवतो का? दुसरी गोष्ट भांड्यांची. तुम्ही दिलेला भाजीचा डबा घासून परत येतो, की तसाच? आणि तिसऱ्यांदाही तसाच? तिसरी गोष्ट पैशाची. भाडं थकवतो का, उसने घेतले तर आठवणीनं देतो का? वस्तूंचा पसारा आवरता येतो, पैशाचा पसारा दोन्ही घरं बुडवतो. चौथी गोष्ट सगळ्यात मोठी. तुम्ही ‘नाही’ म्हटलं तर तो ऐकतो का? बूट उचलायला विसरणारा माणूस सुधारू शकतो. ‘नाही’ ऐकू न येणारा माणूस वेंधळा नसतो, त्याला सोडून द्या. स्पष्ट नकार दिल्यावरही कुणी पुन्हा पुन्हा मागं येत असेल, फोन करत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 प्रमाणे तो गुन्हा आहे. 112 आणि 181 हे दोन नंबर पाठ ठेवा.

आणि हे बोलून घ्या. ‘तुझा पसारा मला गोड वाटतो, पण जन्मभर मी तो आवरणार नाही. कोणतं काम तुझं?’ असं सरळ विचारा. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विवाहात वधू वराकडून स्त्रियांच्या हक्कांचं वचन मागते, तेही सगळ्यांसमोर, लग्नाच्या मांडवात. सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न 1873 साली लागलं. तेव्हा हक्क मागता आले, तर आज स्वयंपाक आणि झाडझूड कुणाकडं हे विचारायला संकोच कशाचा? उत्तर शब्दांत घेऊ नका, महिनाभराच्या वागण्यात घ्या.

एक बोल नेटक्या मुलींनाही. घर आपल्याच पद्धतीनं चाललं पाहिजे, हाही एक हट्टच. त्यानं घडी घातलेला टॉवेल वाकडा झाला म्हणून तो ओढून पुन्हा स्वतः घालाल, तर तो दुसऱ्या दिवसापासून हात लावणार नाही, आणि काम कायमचं तुमच्याकडं येईल. वाकडी घडी चालवून घ्या. भाकरी जाड झाली तरी खा.

आता घरमालकीणकाकूंशी आणि गल्लीशी. तुमची काळजी आम्हाला कळते. पण दोन सज्ञान भाडेकरू ओसरीवर बोलले, म्हणून फक्त मुलीला खोली सोडायला सांगणं हा न्याय नाही. तो ‘मुलगा आहे, चालायचंच’, आणि ती ‘वळण नाही’? आणि पोरींनो, खोली घेताना करार लेखी आणि नोंदणीकृत करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे ती नोंदणी करणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूचं पाणी किंवा वीज सबळ कारणाशिवाय तोडायलाही हा कायदा मनाई करतो. कागद जवळ असला की कुणाच्या तोंडाकडं बघून राहावं लागत नाही.

आणि शेवटी आयांशी. तुमच्या लेकीचं मन शेजाऱ्यावर गेल्याचं कळलं तर आधी जात विचारू नका, आधी विचारा, ‘तो स्वतःचं ताट उचलतो का गं?’ हा प्रश्न विचारणारी आई असली की लेक लपवत नाही, बोलते. बोलणाऱ्या लेकीला सांभाळता येतं, लपवणारीला नाही. मुलगी 18 ची आणि मुलगा 21 चा झाला की लग्नाचा निर्णय त्यांचा असतो. विशेष विवाह कायदा 1954 प्रमाणे विवाह अधिकाऱ्याकडं 30 दिवस आधी नोटीस देऊन, तीन साक्षीदारांसमोर ते लग्न करू शकतात. म्हणजे कायद्यानं विचार करायला महिना दिला आहे. त्या महिन्यात तुम्ही त्यांच्या बाजूला असावं, असं आम्हाला वाटतं.

ज्यांच्या घरी मुलगा आहे, त्यांचं काम तर आज रात्रीच सुरू होतं. जेवण झालं की त्याला म्हणा, ‘बाळा, ताट तूच उचल, आणि बहिणीचंही उचल.’ उद्या तो कुणाच्या तरी शेजारी राहायला जाणार आहे. तिथल्या ओसरीवर त्याचे बूट कुठं असतील, ते आपल्याच घरात ठरतं.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार!