पणजोबांचं गाव हंगेरीत नेमकं कुठे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत हंगेरीच्या राज्यातून लाखो माणसं अमेरिकेला गेली. पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांत आणि पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत राबली. त्यांची पणतवंडं आज मूळ गाव शोधताहेत. घरात ऐकीव उत्तर असतं, 'आपण कॉशॉकडचे.' पण कॉशॉ हे शहर. परक्याला लहानसं खेडं काय सांगायचं, म्हणून माणसं जवळच्या शहराचं नाव सांगून मोकळी होत.

मग उत्साही मंडळी थेट हंगेरीची दप्तरं उघडतात. तिथेच घोडं अडतं. कारण जुने जन्म-मृत्यू-विवाह नोंदलेले आहेत चर्चनिहाय. गावच माहीत नसेल तर कोणत्या चर्चची वही काढणार? म्हणून शोध अमेरिकेत सुरू करायचा. अमेरिकेच्या १९०७च्या स्थलांतर कायद्यानंतरच्या बोटींच्या प्रवासी याद्या त्यासाठी फार मोलाच्या. त्यांत जन्मगाव असतं, शिवाय मायदेशातल्या जवळच्या नातलगाचं नाव-पत्ताही. १९०६नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांतही जन्मस्थळ सापडतं.

अमेरिकेत उतरताना एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी नावं बदलली, ही दंतकथा मात्र सोडून द्या. याद्या बोट निघायच्या बंदरातच कंपनीचे कारकून लिहीत. घोळ व्हायचा तो तिथे. हंगेरियन माणूस 'एस' लिहून 'श' म्हणतो आणि 'एसझेड' लिहून 'स'. हाम्बुर्गच्या जर्मन कारकुनाने ते कानाने टिपलं, की झालं!

समजा, यादीत वाचता येतं 'सिन'. या नावाचं गाव आजच्या हंगेरीत आहे, ऑगतेलेकच्या प्रसिद्ध गुहांजवळ. पण कॉशॉच्या दक्षिणेला 'सिनॉ' नावाचंही गाव आहे. कारकुनाकडून शेवटचं अक्षर गळलं असेल तर? नकाशा इथे निकाल देत नाही. दोन्हीकडच्या वह्यांत तुमचं आडनाव, वडिलांचं नाव आणि धर्म जुळतो का, हे पाहावंच लागतं. १९२०च्या त्रियानाँ करारात हंगेरीची दोन-तृतीयांश जमीन गेली. त्यामुळे सिनॉ आज स्लोव्हाकियात आहे, नाव 'सेन्या'. कॉशॉसुद्धा आता 'कोशित्से', आणि त्या भागाच्या जुन्या वह्या तिथल्या सरकारी अभिलेखागारात.

आपल्याकडे खुर्द आणि बुद्रुक, तसं तिकडे 'किश' आणि 'नॉज', म्हणजे धाकटं आणि थोरलं. कारकून हे शेपूट, खरं तर शेंडी, कारण ते आधी लागतं, बिनदिक्कत छाटून टाकी. त्यात १८९८च्या कायद्याने एका गावाला एकच नाव ठरवायचं म्हणून अनेक गावांची नावं बदलली. तेव्हा गावाच्या नावासोबत जिल्ह्याचं नाव मिळाल्याशिवाय समाधान मानू नका.

सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १ ऑक्टोबर १८९५ला. त्याआधीचं सगळं चर्चच्या आणि ज्यू समाजाच्या वह्यांत. जुन्या कॅथलिक वह्या लॅटिनमध्ये; अमेरिकेतला स्टीव्ह हंगेरीत इश्तवान आणि त्या वह्यांत स्टेफानुस. यातल्या पुष्कळ वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. आणि गावात चर्चच नसेल, तर १८७७ची द्वोर्झाक यांची ग्रामसूची काढा. कोणत्या धर्माचे किती लोक गावात होते आणि ते कोणत्या गावच्या चर्चला जोडलेले होते, हे तीत दिलेलं आहे. वही त्या दुसऱ्या गावाच्या नावाखाली शोधायची.