घाट चालू आहे का?

माझे वडील महाड ते भोर या वाटेवर मालाचा ट्रक चालवत. मधे वरंधा घाट. पावसाळ्यात घाटाच्या पायथ्याशी ट्रक उभा करून ते आधी वरून येणाऱ्या गाडीची वाट बघत. गाडी आली की तिचा ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढी. तळहात खालीवर हलला तर रस्ता आहे, पण सावकाश जा. हात आडवा हलला तर दरड आली आहे. आणि तासभर वरून एकही गाडी उतरली नाही, तर तेही उत्तरच असे. मग क्लीनरला चहा सांगायला धाडून वडील सीटवर आडवे होत.

मंडळी, या हातांची आठवण मला झाली ती अमेरिकेत. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात माझी लेक राहते. तिथून हवा स्वच्छ असेल त्या दिवशी माउंट रेनियर नावाचा प्रचंड पर्वत दिसतो. उंची १४,४१० फूट, आणि आतून ज्वालामुखी. त्याच्याभोवतीचं राष्ट्रीय उद्यान १८९९ सालचं. उद्यानात पॅराडाइज नावाचं एक ठिकाण आहे. पॅराडाइज म्हणजे जन्नत. समुद्रसपाटीपासून ५,४०० फूट, म्हणजे बरोबर आपल्या कळसूबाईच्या शिखराइतकं. पण कळसूबाईवर पाऊस पडतो आणि तिथं बर्फ. १९७१-७२ च्या एका हिवाळ्यात पॅराडाइजला १,१२२ इंच बर्फ पडल्याची नोंद आहे. हा तेव्हा जगातला विक्रम होता. पुढे १९९८-९९ मध्ये त्याच राज्यातल्या माउंट बेकरनं तो मोडला. १,१२२ इंच म्हणजे नव्वद फुटांच्या वर. आमच्या महाडच्या घराची कौलं जमिनीपासून पंधरा फुटांवर होती, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

आम्हा नवराबायकोला आयुष्यात एकदा बर्फ हातात घ्यायचा होता. मार्च महिना होता. शनिवारी सकाळी लेकीनं चहाच्या टेबलावर संगणक उघडला. उद्यानानं ठिकठिकाणी कॅमेरे बसवले आहेत आणि त्यांची चित्रं जगात कुणालाही, फुकट, घरबसल्या पाहता येतात. एक कॅमेरा पर्वताकडे तोंड करून, एक गाड्या उभ्या करायच्या जागेकडे, एक तर पार १०,००० फुटांवर कँप म्यूर या गिर्यारोहकांच्या तळावर. त्या दिवशी आकाश निळंशार होतं. पर्वत असा झळकत होता, की माझी पत्नी स्वेटर शोधायला उठलीसुद्धा.

लेक म्हणाली, "अम्मी, बस जरा. फाटक बंद आहे."

ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. पायथ्याच्या बाजूला लाँगमायर नावाचं ठाणं आहे, उंची सुमारे २,७०० फूट. तिथून पॅराडाइजपर्यंत साधारण १९ किलोमीटरचा घाट. हिवाळ्यात लाँगमायरचं फाटक रोज रात्री बंद होतं. पहाटे बर्फ काढणारी यंत्रं वर जातात, हिमकडा कोसळण्याचा धोका कुठे आहे ते पाहिलं जातं आणि मगच फाटक उघडायचं की नाही ते ठरतं. ते कळवलं जातं वेगळ्या ठिकाणी, दोन ओळींत, चित्राशिवाय. आदल्या रात्री बर्फ पडला होता आणि शनिवारी फाटक उघडलंच नाही.

माझ्या नातीनं विचारलं, "नाना, ऊन पडलंय, मग बंद का?"

प्रश्न रास्त होता. कॅमेऱ्यात ऊन दिसतं. लाँगमायर आणि पॅराडाइज यांच्या मधल्या वळणांवर काय आहे, ते दिसत नाही. डांबरावर बर्फाची काचेसारखी पातळ साय धरते, तिला तिकडे 'काळा बर्फ' म्हणतात. ती कॅमेऱ्यात दिसत नाहीच, समोरच्या काचेतूनही नीट दिसत नाही. आणखी एक: चित्राच्या कोपऱ्यात वेळ छापलेली असते, ती आधी वाचायची. कधी यंत्र अडकतं आणि कालचं ऊन आज दाखवत बसतं. लेकीची सवय अशी, की ती आधी वेळ पाहते, मग फाटकाच्या दोन ओळी वाचते आणि पर्वत सर्वांत शेवटी. आम्ही कवी मंडळी नेमके उलट्या क्रमानं जातो.

रविवारी चित्र राखाडी होतं. पर्वत नाही, झाडं नाहीत, धुक्यात दोन-चार मोटारींचे टप तेवढे दिसत होते. पण फाटक उघडलं होतं. आम्ही निघालो. डिकीत चाकांना बांधायच्या साखळ्या होत्या. १ नोव्हेंबरपासून १ मेपर्यंत प्रत्येक गाडीत त्या लागतातच, मग गाडी कितीही दणकट असो. घाटात दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या. जावई वीसच्या वेगानं गाडी हाकत होते आणि गाडीत कुणी बोलत नव्हतं. वर पोचल्यावर पत्नीनं बर्फ ओंजळीत घेतला आणि लगेच टाकून दिला. म्हणाली, "हा भाजतो." पर्वत काही दिसला नाही. म्हणजे मी माउंट रेनियर जवळून पाहिला तो शनिवारी, चहाच्या टेबलावर.

अशा कॅमेऱ्यांचा पूर्वज इंग्लंडातला. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता. जिने उतरून जावं आणि भांडं रिकामं असावं, हे टाळायला. १९९३ पासून ते भांडं इंटरनेटवर साऱ्या जगाला दिसू लागलं, २००१ मध्ये बंद झालं. वरंध्याच्या पायथ्याशी माझे वडील हेच विचारत होते: जाण्यात अर्थ आहे का?

पण एक भानगड आहे. कॉफी तरी कुणी करून ठेवावी लागते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात माणसं कमी पडली म्हणून पॅराडाइजचा रस्ता आठवड्यातले काही वार बंदच ठेवावा लागला. कॅमेरे मात्र रोज चालू. लख्ख चित्र, आणि खाली बर्फ काढायला कुणी नाही.

महाडचा माणूस हे बोलतो तेव्हा त्याच्या मनात सावित्री असतेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिश काळातला पूल पुरानं नेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं अंधारात नदीत गेली. मागून येणाऱ्यांना पुढे पूल नाही हे ठाऊक नव्हतं. त्या पावसात कॅमेरा असता तरी काळोखच दाखवला असता. जवळच्या लोकांच्या लक्षात आलं, ते रस्त्यावर आले आणि त्यांनी गाड्या अडवल्या. म्हणजे पुन्हा हातच.

तरीही मला कॅमेरा हवा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून हुशार कॅमेरे आले. वेग वाढला, पट्टा बांधला नाही, की दंड घरी येतो. चांगलंच आहे. पण ते आपल्याकडे पाहतात. वरंधा, आंबेनळी, ताम्हिणी या घाटांत एकेक कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून लावावा, चित्रावर वेळ छापावी आणि खाली कुणा जबाबदार अभियंत्यानं सकाळी दोन ओळी लिहाव्यात: चालू, किंवा बंद. खर्च फार नाही. कठीण आहे ते रोज सकाळी त्या दोन ओळी लिहिणं.

आता मी घरी असतो. हिवाळ्यात शनिवारी रात्री साडेनऊला लेकीकडे सकाळचे आठ वाजलेले असतात. फोन येतो, "अब्बा, पॅराडाइज पाहिलंत का?" मी सांगतो, ऊन आहे, वेळ ताजी आहे, फाटकाचं अजून काही लिहिलेलं नाही. ती म्हणते, "मग तासाभरानं बघू." मी जागा राहतो.