चाळणीत अडकलेली पत्रं
(आयसेलिन येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका, चाळणी प्रत्येकाच्या घरात असते. शिवाय आयसेलिनला लागूनच एडिसनचं मेन्लो पार्क. यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना 'बग' म्हणतात, असं त्यानं १८७८ सालीच एका पत्रात लिहिलं होतं. तेव्हा बग शोधणं या परिसराला नवं नाही!

मंडळाच्या मेल-सर्व्हरचं काम माझ्याकडे आलं ते एका तक्रारीमुळे. कार्यक्रमाला यायला गाडी हवी, असं एका आजींनी चार दिवस आधी मराठीत लिहिलं होतं. ते कार्यकारिणीपर्यंत पोचलंच नाही. आजी साडी नेसून वाट बघत बसल्या.

सर्व्हरवर 'प्रॉकमेल' नावाची जुनी चाळणी होती. तिच्यात नियम वरून खाली तपासले जातात. पत्र ठिकाणी लावणारा जो पहिला नियम लागू पडेल, तिथेच काम संपतं. म्हणून आधी नियमांना हात न लावता लॉग वाचला. आजींचं पत्र वरच्याच एका नियमानं उचललं होतं: 'विषयात गिचमिड अक्षरं असतील तर कचऱ्यात टाका.'

आता, 'दिवाळी' ही गिचमिड कशी? ईमेलचा मथळा मुळात रोमन अक्षरांपुरताच होता. १९९६ च्या प्रमाणानुसार इतर लिप्या सांकेतिक रूपात गुंडाळून पाठवतात. काना-वेलांटी धरून 'दिवाळी'ची सहा चिन्हं, त्यांची साधारणपणे चोवीस रोमन अक्षरं आणि आकडे होतात. प्रॉकमेल ते गाठोडं सोडत नाही, वरूनच वाचतं. त्यामुळे 'दिवाळी' शोधणारा नियम कधीच लागत नव्हता आणि गिचमिडीचा हमखास लागत होता!

उपाय म्हणून आम्ही 'सीव्ह'कडे वळलो. नावाचा अर्थच चाळणी! २००१ साली प्रमाणित झालेली ही नियमांची भाषा मथळा उलगडून मगच तुलना करते. बदलताना पथ्यं तीन पाळली: एका वेळी एकच नियम बदलायचा, प्रत्येक बदलानंतर मराठी आणि इंग्रजी अशी दोन चाचणी-पत्रं पाठवायची आणि संशयित पत्र पुसायचं नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचं.

पीठ चाळल्यावर चाळणीत काय उरलं ते बघूनच कोंडा टाकतात ना? तसंच हे. चुकून आलेली जाहिरात डोळ्यांना दिसते; चुकून गेलेलं पत्र दिसत नाही, आणि लिहिणाऱ्याला वाटतं, यांनी उत्तरच दिलं नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा आपलं स्पॅमचं फोल्डर उघडून बघा. आणि विषय मात्र मराठीतच लिहा. चाळणी आपण बदलू, लिपी कशाला बदलायची?

शुभ दीपावली!